पीक आलंय, निघा!

आपल्या पिढीला 'फॉल' पहिल्यांदा भेटला तो कम्प्युटरच्या स्क्रीनवर. विंडोज एक्सपीमधला 'ऑटम' नावाचा वॉलपेपर आठवतोय? पानांनी झाकलेली वाट आणि केशरी झाडं. शाळेच्या लॅबमध्ये पंख्याच्या घरघरीत घाम पुसत आम्ही तो बघायचो आणि असलं काही खरंच कुठेतरी असतं का, असा प्रश्न पडायचा. त्याच सुमाराच्या 'मोहब्बतें'मध्ये तर पानं इतकी उडाली, की प्रेमात पडायचं तर आधी मेपलच्या झाडाची सोय हवी असं वाटायला लागलं. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत होतं एकुलतं एक बदामाचं झाड. थंडी सरता सरता त्याची पानं मस्तपैकी लाल व्हायची. पण ती गळायला लागली की रोमान्स वगैरे काही नाही, झाडलोट करणाऱ्या मावशींची बडबड तेवढी ऐकू यायची.

त्यामुळे २०२२च्या सप्टेंबरात नवऱ्याचा बॉस्टनहून मेसेज आला, 'तिकीट पक्कं कर, पीक बरोबर लाँग वीकेंडला येतंय', तेव्हा मी उडीच मारली. शेजारी सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, 'कसलं पीक? तिकडे शेती घेतली की काय यानं?'

तर 'पीक' म्हणजे झाडांचे रंग ऐन भरात येण्याचा आठवडा. न्यू इंग्लंड म्हणजे अमेरिकेचा ईशान्य कोपरा. तिथे हा आठवडा म्हणजे आपल्याकडच्या आंब्याच्या सीझनसारखा. आला आला म्हणेपर्यंत संपतो, आणि त्याच्यासाठी लोक कामधाम सोडतात. ऑक्टोबरचा दुसरा सोमवार म्हणजे कोलंबस डेची सुट्टी, त्याला जोडून शनिवार-रविवार. हॉटेलं महिनोन् महिने आधी भरतात आणि भाडी ऐकून पोटात गोळा येतो. रंग बघत हिंडणाऱ्या या जमातीला तिथे 'लीफ पीपर्स' असं खास नाव आहे. पानांकडे डोकावणारे!

आमच्या ट्रिपला आणखी एक कारण होतं. आमचं लग्न डिसेंबर २०२०मधलं, म्हणजे मांडवात पन्नास माणसं आणि प्रत्येकाच्या तोंडाला मास्क. पहिलं वर्ष वर्क फ्रॉम होमवाल्या टूबीएचकेत चोवीस तास एकमेकांसमोर गेलं. जानेवारी २०२२मध्ये त्याचं बॉस्टनच्या प्रोजेक्टचं नक्की झालं आणि पुढचे महिने साडेनऊ तासांच्या फरकानं व्हिडिओ कॉलवर गेले. त्याचा नाश्ता तेव्हा माझं संध्याकाळचं खाणं. बरं चाललं होतं तसं. मग ऑगस्टमध्ये त्याच्या कंपनीनं विचारलं, ग्रीन कार्डची प्रोसेस सुरू करायची का? महिनाअखेरीपर्यंत सांगा. त्यानं कसंबसं ऑक्टोबरअखेरपर्यंत वाढवून घेतलं.

हो म्हटलं तर मुक्काम तिकडेच, कारण भारतीयांची त्या कार्डाची रांग वर्षानुवर्षांची आहे. आणि माझं काय? माझ्या पासपोर्टवर एच-फोर व्हिसा, म्हणजे मी 'डिपेंडंट'. राहायचं, फिरायचं, लायब्ररीत बसायचं, पण कमवायचं नाही. २०१५पासून एच-फोरवाल्यांना वर्क परमिट मिळू शकतं, पण साधारणपणे नवऱ्याची किंवा बायकोची ग्रीन कार्डाची फाइल एका ठरावीक टप्प्याला पोचल्यानंतरच. तोवर थांबा. इकडे मी मास कॉम करून, दोन वर्षं डेस्कवर घासून, मग फ्रीलान्सिंगमध्ये उतरलेली. चार संपादक आता कुठे माझा फोन पहिल्या रिंगला उचलायला लागले होते. 'अगं, तिकडे ब्लॉग लिही की,' एका मावसबहिणीनं सुचवलं. मी तिला काही दिवस फोन केला नाही.

या विषयावर फोनवर बोलायचं नाही, समोरासमोर बोलू, असं आम्ही ठरवलं होतं. सप्टेंबरअखेर मी सहा आठवड्यांसाठी पोचले. समोरासमोर आलो. आणि आम्ही काय केलं? लॅपटॉप उघडून फॉलिएजचा नकाशा बघत बसलो.

हा नकाशा जबरी असतो. खालची पट्टी सरकवली की आठवड्यागणिक हिरवा प्रदेश पिवळा होतो, मग केशरी, मग लाल, मग तपकिरी. रंग उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि डोंगरमाथ्यावरून दरीकडे उतरत येतो. प्लॅन ठरला. शनिवारी सकाळी बॉस्टन सोडायचं, न्यू हॅम्पशायरमध्ये लिंकन नावाच्या गावाजवळ मोटेलात दोन रात्री, रविवारी कँकमॅगस हायवे, सोमवारी व्हरमाँटमधून वळसा घालून परत. दसरा होऊन तीनच दिवस झाले होते. आपट्याची पानं मिळाली नव्हती म्हणून आम्ही एकमेकांना पार्किंगमधली मेपलची पानं देऊन 'सोनं घ्या, सोन्यासारखे राहा' केलं होतं. ते सोनं गाडीच्या डॅशबोर्डवर होतं, वाळून कुरकुरीत.

आय-नाइंटीथ्री हायवेनं उत्तरेकडे निघालात की पहिला तासभर विशेष काही नसतं. मग डोंगर सुरू होतात, आणि एका वळणावर अचानक समोरची आख्खी टेकडी पेटल्यासारखी दिसते. मी ओरडलेच. नवऱ्यानं शांतपणे माहिती द्यायला सुरुवात केली. हिरवा रंग क्लोरोफिलचा. दिवस लहान व्हायला लागले की झाड तो बनवायचं थांबवतं. मग पानात उन्हाळाभर असलेलाच, पण हिरव्याखाली झाकलेला पिवळा-केशरी वर येतो. बर्च, बीच, ॲस्पेन ही मंडळी पिवळी. लाल मात्र आधीपासून नसतो, तो बहुतेक शरदातच नव्यानं तयार होतो, पानात अडकलेल्या साखरेच्या जोरावर. म्हणून दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा, पण गोठवणारा नाही, असं हवामान मिळालं की मेपल भडकतो. मग देठाशी बुचासारखा एक थर धरतो आणि पान सुटतं.

सगळं खरं होतं आणि इंटरेस्टिंगही होतं. पण माझा नवरा टेन्शनमध्ये असला की माहिती देतो, हे मला दोन वर्षांत कळलेलं आहे.

मग मीही माझ्याकडची माहिती काढली. हा प्रदेश पाहून वाटतं, ही जंगलं इथे अनादिकाळापासून असणार. तसं नाहीये. एकोणिसाव्या शतकात इथली बरीच जमीन शेतीसाठी आणि मेंढ्यांच्या कुरणांसाठी साफ केलेली होती. उरलेसुरले डोंगर लाकूड कंपन्यांनी बोडके केले. पुढे लोक चांगल्या जमिनीच्या शोधात पश्चिमेकडे आणि कामासाठी गिरण्यांकडे गेले, शेतं ओस पडली आणि झाडं परत आली. १९११मध्ये वीक्स ॲक्ट नावाचा कायदा झाला, सरकारला डोंगर विकत घेता येऊ लागले आणि १९१८मध्ये व्हाइट माउंटन नॅशनल फॉरेस्ट उभं राहिलं. ऐन जंगलात चालताना मध्येच गुडघाभर उंचीची दगडी भिंत लागते, ना घर ना दार. ती जुन्या शेताची हद्द. लोक सोडून गेले म्हणून हे रंग आले, असं मी म्हणाले. बोलून गेल्यावर गाडीत थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही.

फ्रँकोनिया नॉचमध्ये हायवे अरुंद होऊन दोन डोंगरांच्या खिंडीतून जातो. इथल्या कड्यावर माणसाच्या चेहऱ्यासारखा दिसणारा एक खडक होता, 'ओल्ड मॅन ऑफ द माउंटन'. हा राज्याचा मानबिंदू, २०००मध्ये निघालेल्या न्यू हॅम्पशायरच्या नाण्यावरही त्याचाच चेहरा. ३ मे २००३ला तो कोसळला. गंमत अशी, की राज्याच्या रस्त्यांच्या नंबरपाट्यांवर तो चेहरा अजूनही आहे. तीन दिवस आम्ही त्या पाट्यांमागून फिरत होतो.

आर्टिस्ट्स ब्लफ हा इथला फेमस पॉइंट. छोटासा चढ, वर खडक, खाली एको लेक, समोर कॅनन माउंटन आणि मधून वळत जाणारा रस्ता. तुम्ही हा फोटो नक्की बघितलाय, फक्त नाव माहीत नसेल. वर पोचलो तर सिंहगडावरचा रविवार! तेलुगू, गुजराती, चिनी, स्पॅनिश सगळ्या भाषा कानावर येत होत्या, ट्रायपॉडच्या पायांची गर्दी झाली होती, आणि त्यातून एक खणखणीत मराठी आवाज आला, 'अरे इकडून घे, तिकडून पार्किंग येतंय त्यात!' साडीवर स्वेटर, पायात स्पोर्ट्स शूज. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या काकू. मराठी ऐकून आमच्याकडे वळल्या. कुठल्या तुम्ही, माहेर कुठलं, इथे थंडी सोसते का, सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, 'म्हणजे आता तुम्ही इकडचेच का?'

'हो,' नवरा म्हणाला.

'नाही,' मी म्हणाले.

दोन्ही एकाच वेळी. काकूंनी आमच्याकडे आळीपाळीनं बघितलं आणि पर्समधून शेंगदाण्याच्या वडीचं पुडकं काढून पुढे केलं. अनुभवी बाई.

रविवारी पहाटे सहाला गजर. कँकमॅगस हायवे, लाडाचं नाव 'कँक', लिंकनपासून कॉनवेपर्यंत साडेचौतीस मैल, म्हणजे पंचावन्न किलोमीटर. पेनाकूक या मूळ रहिवाशांच्या एका प्रमुखाचं नाव त्याला दिलंय. १९५९मध्ये हा रस्ता आरपार खुला झाला. त्याच्यावर पेट्रोल पंप नाही, हॉटेल नाही, दुकान नाही आणि मोबाइलला रेंज जवळपास नाहीच. टाकी आधी भरायची आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवायचं. सासूबाईंना मी आदल्या रात्रीच फोन करून सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, 'रेंज नाही तिथे जाताच कशाला?'

सगळ्यात उंच भाग २,८५५ फुटांवर आहे. तिथे पोचलो तर झाडं जवळपास बोडकी! नकाशावर पीक आणि समोर खराटे. नवऱ्याचा चेहरा पडला. पण रस्ता उतरायला लागला तशी पानं परत येत गेली. आधी विरळ, मग दाट, मग खाली स्विफ्ट नदीच्या काठावर असा काही रंग, की मला शब्द सुचेनात, आणि शब्द हा माझा धंदा आहे. लाल म्हटलं तर कुंकवापासून डाळिंबापर्यंतचे सगळे लाल. पिवळा हळदीचा. मध्ये मध्ये स्प्रूसची काळपट हिरवी उभी झाडं, त्यांच्यामुळे बाकीचे रंग आणखी उठून येतात. ओक अजून हिरवेच होते, ते सगळ्यात शेवटी आणि तेही तांबूस-तपकिरी होतात.

फोटोवाल्यांसाठी एक टिप, नवऱ्याकडून ढापलेली. लेन्सवर पोलरायझर लावा. पानांवर चकाकी असते, ती रंग खाते. पोलरायझर फिरवला की चकाकी जाते आणि खालचा रंग दिसतो. आणि ढगाळ हवा असली तर रडू नका, जंगलाच्या आतले फोटो मऊ उजेडातच छान येतात. मला तो फिल्टर फिरवून बघायचा नादच लागला. एका बाजूला फिरवला की नदीच्या पाण्यावर आकाश, दुसऱ्या बाजूला फिरवला की तळाचे गोटे.

दुपारपर्यंत दोन मेमरी कार्डं भरली. १८५८चा आल्बनी पूल बघितला. लाकडी, आणि वर घरासारखं छप्पर. छप्पर कशासाठी, तर पुलाचे लाकडी वासे पावसा-बर्फानं कुजू नयेत म्हणून. पुलाच्या तोंडाशी मी उभी. नदीतल्या खडकावर मी उभी. दोन मेपलच्या मध्ये मी उभी. 'जरा स्केलसाठी तिथे थांब ना,' हे वाक्य त्या दिवशी मी मोजून अकरा वेळा ऐकलं. झाड किती मोठं आहे हे कळावं म्हणून बायको! बाराव्या वेळी मी गाडीत जाऊन बसले. कॉनवेजवळच्या ट्रॅफिक जॅमनं एक तास खाल्ला, त्यात आम्ही रेडिओ ऐकला.

त्या दिवशी कोजागरी होती. ९ ऑक्टोबर २०२२. मी बॉस्टनच्या इंडियन स्टोअरमधून मसाला दुधाचं पाकीट आणलं होतं. आदल्या रात्री वाटेत घेतलेलं दूध सकाळी मोटेलच्या मायक्रोवेव्हमध्ये चार हप्त्यांत उकळलं आणि थर्मासमध्ये भरलं. परतताना पुन्हा कँकवरूनच आलो. सहा वाजून गेले होते. एका ओव्हरलुकवर गाडी लावली. थंडी अशी, की जॅकेटवर शाल घेतली. बाकीच्या गाड्या एकेक करून निघून गेल्या. रंग विझले, डोंगर राखाडी झाले, आणि मग पूर्वेकडच्या धारेवर उजेड फुटला. चंद्र वर आला तेव्हा इतका मोठा आणि पिवळाधमक, की आम्ही दोघंही हसलो.

तो लगेच ट्रायपॉडकडे. लेन्सवर डोळा ठेवून, माझ्याकडे पाठ करून, त्यानं विचारलं, 'कंपनीला काय सांगू?'

'आधी कॅमेरा बंद कर.'

'तीस सेकंदांचं एक्स्पोजर चालू आहे गं.'

'मग तीस सेकंद थांबते.'

थांबले. शटरचा आवाज आला.

'मी येत जाईन,' मी म्हणाले. 'वर्षातून दोन महिने, तीन महिने. पण काम सोडून इथे राहायला नाही येणार. वर्क परमिट मिळेपर्यंत घरात बसून, तू ऑफिसमधून कधी येतोस याची वाट बघणं मला जमणार नाही. मी वाईट वागायला लागेन तुझ्याशी.'

'आणि मी परत आलो तर? फ्लॅटचा हप्ता आहे. तिकडे पुन्हा तीच टीम, तोच पगार. तुझ्या फ्रीलान्सिंगवर चालणार आहे का? तुझा चेक येतो कधी? तीन-तीन महिने तू फोन करत असतेस त्यांना.'

लागलं. कारण चेक खरंच तसेच येतात.

'उशिरा येतो,' मी म्हणाले, 'पण माझ्या नावावर येतो.'

यावर तो काही बोलला नाही. फोन वाजेल, मेसेज येईल, असलं काही होण्याची शक्यताच नव्हती. एरवी अशा वेळी आमच्यापैकी कुणीतरी मोबाइल उचलतं. थर्मासच्या झाकणात दूध ओतून मी त्याच्या हातात दिलं. तो गाडीच्या बॉनेटला टेकला आणि खूप वेळानं, अगदी वेगळंच काहीतरी बोलायला लागला.

म्हणाला, तो अजून एकदाही टेबलावर बसून जेवलेला नाही. ओट्याशी उभ्याउभ्या जेवतो, म्हणजे भांडं एकच लागतं. गणपतीत सोसायटीची आरती मी त्याला व्हिडिओवर दाखवली होती, तेव्हा तिकडे सकाळ होती. तो टाळ्या वाजवत उभा होता आणि शेजारच्यानं भिंतीवर थापा मारल्या. 'सोमवार ते शुक्रवार काही वाटत नाही,' तो म्हणाला. 'शनिवारी सकाळी उठलो की सोमवार फार लांब असतो. म्हणून कॅमेरा घेतला. कॅमेरा असला की कुठेतरी जायला लागतं.'

हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं. कॅमेऱ्याचं बिल आलं तेव्हा आमचं भांडण झालं होतं आणि त्यातही नाही. मी विचारलं, मग ग्रीन कार्डचा विचार तरी का करतोयस? तर म्हणे, टीममधले सगळे करतात. नाही म्हणणारा कुणी बघितला नाही. शिवाय आईला कौतुक आहे, आत्यानं तर पेढे वाटायचंही ठरवून टाकलंय. आणि इथलं काम त्याला खरंच आवडतं, हेही तो म्हणाला. चांगलं काम आहे, लोक चांगले आहेत, सहाला दिवा बंद करून घरी जाता येतं. ते सोडून यायचं म्हणजे फक्त पगार सोडायचा असं नाही.

निर्णय वगैरे काही झाला नाही त्या रात्री. दूध गार झालं, बोटं बधिर झाली, चंद्र वर सरकून नेहमीएवढा झाला. मोटेलवर पोचल्यावर फोनला रेंज आली आणि सासूबाईंचे सात मिस्ड कॉल दिसले. कोजागरीचं दूध प्यायलात का, एवढंच विचारायचं होतं.

सोमवारी कनेक्टिकट नदी ओलांडून व्हरमाँटमध्ये शिरलो. इथे शिरल्या शिरल्या काहीतरी वेगळं वाटतं आणि काय ते पटकन कळत नाही. रस्त्यालगत होर्डिंगच नाहीत! १९६८मध्ये कायदा करून या राज्यानं ती बंद केली. पुण्याहून आलेल्या माणसाला हे रंगांपेक्षाही जास्त धक्कादायक आहे.

वुडस्टॉक गावाजवळ पॉम्फ्रेट इथे स्लीपी हॉलो फार्म नावाची जागा आहे. खोलगट भागातलं पांढरं घर, वळणावळणाची वाट, भोवती मेपल. फॉलचे फोटो सर्च केलेत तर ती पहिल्या काहींमध्ये येतेच. नवऱ्याच्या यादीत ती ठळक अक्षरांत होती. गेलो. अरुंद कच्चा रस्ता आणि दोन्ही कडांना गाड्याच गाड्या. लोक फाटकाशी रांगेत. कुणी गाडीच्या टपावर चढलेलं, कुणी ड्रेस बदलून आलेलं. आणि ही कुणाची तरी खासगी मालमत्ता आहे, तिथे कुणाचं तरी घर आहे. पलीकडून एक पिकअप ट्रक आला, बहुधा गावातलाच, आणि वाट मिळेपर्यंत मुकाट उभा राहिला. नवऱ्यानं गाडी हळू केली, खिडकीतून बघितलं, म्हणाला, 'नको.' आम्ही पुढे निघालो. पुढच्याच वर्षी, २०२३मध्ये, गावानं वैतागून २३ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा रस्ता बाहेरच्या गाड्यांना बंद केला. ती बातमी मी पुण्यात वाचली आणि मला तो ट्रकवाला आठवला.

त्याऐवजी आम्ही एका फार्म स्टँडवर थांबलो, गरम सायडर डोनट खाल्ले आणि मेपल सिरप घेतलं. हेच शुगर मेपल, ऑक्टोबरात पेटणारे. हिवाळा संपता संपता त्यांच्या खोडाला भोक पाडून रस काढतात. साधारण चाळीस लिटर रस आटवला की एक लिटर सिरप होतं. ही बाटली मी जपून पुण्याला आणली. सासूबाईंनी घावनावर घालून चव बघितली आणि जाहीर केलं, 'काकवीच की ही!'

परतीच्या वाटेवर ट्रॅफिकमध्ये आमचं पुन्हा बोलणं झालं, पण आता पैशांचं. हप्ता किती, सेव्हिंग किती, माझे कुठले चेक अडकलेत, मी एखादी पार्ट-टाइम नोकरी धरली तर काय होईल. मी मोबाइलवर आकडे लिहीत होते आणि तो गाडी चालवता चालवता दुरुस्त करत होता. बॉस्टन येईपर्यंत अख्खी नोट भरली. बाहेर रंग होतेच, आम्ही बघत नव्हतो.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात त्यानं कंपनीला नाही कळवलं. जून २०२३मध्ये प्रोजेक्ट संपवून तो पुण्याला आला. आत्यानं महिनाभर अबोला धरला. मी आठवड्यातले तीन दिवस एका वेबसाइटसाठी एडिटिंग करते, जे मला फारसं आवडत नाही, आणि त्यामुळे हप्ता जातो. तो टेबलावर बसून जेवतो. ऑक्टोबर आला की मात्र जरा गप्प असतो. मोबाइलवर पट्टी सरकवत असतो आणि मी जवळ गेले की स्क्रीन बंद करतो. त्याच्या टीममधल्या दोघांची ग्रीन कार्डाची फाइल पुढे सरकलीये, हे त्यानं मला परवा सांगितलं. नुसतं सांगितलं. मीही नुसतं ऐकलं.

फोटो एकूण १,१४३ आहेत. तो आल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही ते टीव्हीला लावले. सासूबाई पंधरा मिनिटं बसल्या, मग उठल्या. 'झाडं झाली की हाक मार. माणसं आली की बघते.' आम्ही शोधलं. माणसं फक्त नऊ फोटोंत निघाली. आठ फोटोंत मी आहे, बोटभर, स्केलसाठी. नवव्यात आर्टिस्ट्स ब्लफवर कडेनं एक स्वेटरची बाही आत आलीये, आणि तिच्या हातात शेंगदाण्याच्या वडीचं पुडकं. सासूबाईंनी तोच फोटो झूम करून घेतला आणि या कोण, कुठल्या, मुलगा काय करतो, हे सगळं विचारलं.

बाकीच्यातून निवडून अल्बम करायचा आहे. हार्ड डिस्कवर त्या फोल्डरचं नाव अजून 'फॉल २०२२ – सिलेक्ट करायचे' असंच आहे.